सह्याद्री वाहिनीवर बालवाडीच्या मुलांशी बोलणारी एक छोटी मालिका सुरू करा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात लहान मुलं मोबाईलशिवाय जेवत नाहीत यावर लेख आला होता, नंतर वाचकांची पत्रंही आली, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच की मोबाईल हातातून काढून घ्या. काढून घ्यायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण आई कामावरून येऊन कुकर लावतेय, आजीला डोळ्यांनी कमी दिसतं, घर दोन खोल्यांचं आणि बाहेर रस्त्यावर डंपर पळतायत, अशा घरात संध्याकाळी अर्धा तास पोराला द्यायचं काय, हे कुणीच लिहिलं नाही. मी मिरजेच्या बाजूला बालवाडी चालवते, माझ्याकडची बरीच मुलं अशाच घरांतली आहेत, म्हणून एक मागणी मांडतेय. सह्याद्री वाहिनीवर ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी एक छोटी मराठी मालिका सुरू करा. वीसच भागांची असू दे. पण ती मुलांशी बोलणारी पाहिजे, म्हणजे पडद्यावरच्या ताईने प्रश्न विचारायचा आणि मग खरोखर गप्प बसून उत्तराची वाट बघायची.

हे मी हवेत बोलत नाही, हे करून झालेलं आहे. अमेरिकेत निकलोडियन चॅनेलवर ८ सप्टेंबर १९९६ ला ब्लूज क्लूज नावाची मालिका सुरू झाली. अँजेला सँटोमेरो, टॉड केसलर आणि ट्रेसी पेज जॉन्सन या तिघांनी ती उभी केली. गोष्ट अगदी साधी आहे. ब्लू नावाची निळी कुत्री, तिच्या मनात काहीतरी असतं पण ती ते सांगत नाही, घरातल्या तीन वस्तूंवर पंजाचा ठसा उमटवून ठेवते. स्टीव्ह नावाचा हिरव्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला तरुण ते ठसे शोधत फिरतो, सापडलेल्या वस्तूचं चित्र वहीत काढतो आणि शेवटी खुर्चीत बसून तीन चित्रांवरून ब्लूला काय म्हणायचंय याचा विचार करतो. तीन गोष्टी जोडून चौथी ओळखायची, एवढंच, पण चार वर्षांच्या पोराला हे चांगलंच डोकं लावायचं काम आहे.

आणि यातली खरी गंमत अशी की स्टीव्हला ठसा दिसतच नाही. तो ठसा सोडून भलतीकडेच बघत असतो आणि सरळ कॅमेऱ्यात बघून विचारतो की कुठे आहे, मग थांबतो, तेवढा वेळ टीव्हीवर कुणीच बोलत नाही. मोठ्या माणसाला ती शांतता अवघड वाटते, आपल्याला वाटतं काहीतरी अडकलं की काय. मुलांना तसं वाटत नाही. माझ्या भाचीची मुलगी तिकडे अमेरिकेत वाढतेय, तिच्यासाठी घरी याच मालिकेची २०१९ मध्ये आलेली नवी आवृत्ती लावायचे, त्यात आता जॉश डेला क्रूझ नावाचा दादा आहे, तर त्याने विचारलं की ती सोफ्यावरून उतरून थेट टीव्हीपाशी जायची, काचेवर बोट टेकवायची आणि त्याने मान वळवेपर्यंत बोट काढायचीच नाही. त्याला ठसा सापडला की मागे वळून आईकडे बघायची, मी सांगितलं म्हणून सापडला, असा भाव. हे मी शेजारी बसून बघितलंय आणि तेव्हापासून डोक्यात आहे की आमच्या पोरांना हे मराठीत का मिळू नये.

थांबण्याचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. आमच्याकडे एक खेळ असतो, टोपलीत कांदा, लिंबू, चमचा असं काहीतरी ठेवून वर रुमाल टाकायचा आणि हात घालून ओळखायला सांगायचं. बोलकी पोरं हात घालायच्या आधीच ओरडतात. पण वर्गात एक अबोल मुलगी आहे, ती हात आत घालते, कांद्याची सुटलेली साल दोन बोटांत धरून चोळते, माझ्याकडे बघते, ओठ हलतात पण आवाज येत नाही. त्या क्षणी मी किंवा दुसऱ्या कुणी कांदा म्हटलं की संपलं, ती हात बाहेर काढून ओढणीला पुसते आणि मागे जाऊन बसते. तेच सगळे गप्प राहिलो तर थोड्या वेळाने बोलते, हळू बोलते पण बोलते. लहान मुलाला प्रश्न कळायला, उत्तर आठवायला आणि ते तोंडातून बाहेर पडायला वेळ लागतो, शिक्षक म्हणून आमचं निम्मं काम तेवढा वेळ देणं हेच आहे. मोबाईलवरच्या बडबडगीतांच्या व्हिडिओत हा वेळ नसतोच, एक चित्र नीट बघून होईपर्यंत दुसरं येतं, एक गाणं संपलं की पुढचं आपोआप चालू, त्यामुळे पोरगं तासभर बघतं आणि तोंडातून एक शब्द निघत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची, कारण मागणी केली की पहिला प्रश्न तोच येतो. ब्लूज क्लूजच्या पहिल्या सीझनला फक्त वीस भाग होते आणि एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवायचे. रोज तोच! मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले डॅनियल अँडरसन या मालिकेचे सल्लागार होते, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ३ ते ५ वर्षांच्या मुलांना एकच भाग पाच दिवस दाखवून बघितला आणि १९९९ मध्ये त्यावर संशोधनाचा लेख लिहिला. पहिल्या दिवशी मुलं बहुतेक वेळ नुसती बघत होती, पुढच्या दिवसांत समजही वाढली आणि उत्तरं ओरडून सांगणंही खूप वाढलं. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको, रोज रात्री तीच गोष्ट मागतात आणि आपण एक ओळ गाळली तर लगेच पकडतात. म्हणजे आपल्याला हिशेब असा पडतो की वीस भाग केले आणि प्रत्येक भाग आठवडाभर चालवला तर वीस आठवडे, जवळजवळ पाच महिने निघतात, आणि वर्षभराने नवी मुलं तीन वर्षांची झाली की तेच भाग पुन्हा लावता येतात. शिवाय पडद्यावर जवळजवळ सगळा वेळ दिसणारा माणूस म्हणजे एकटा स्टीव्ह, तोसुद्धा मोकळ्या पडद्यासमोर उभा राहून बोलायचा, बाकी सगळं कागद कापून चिकटवल्यासारखं दिसणारं ॲनिमेशन. सेट नाही, डझनभर कलाकार नाहीत, परदेशात शूटिंग नाही.

पैसा आणि मेहनत त्यांनी लावली ती तपासण्यावर. प्रत्येक भाग तयार होताना तीन वेळा खऱ्या मुलांसमोर नेऊन बघायचे, आधी नुसती गोष्ट म्हणून, मग कच्च्या स्वरूपात, मग जवळजवळ पूर्ण झाल्यावर, आणि मुलं कुठे उत्तर देतात, कुठे त्यांचं लक्ष उडतं ते टिपून गोष्ट बदलायचे. आपल्याकडे मुलांचा कार्यक्रम म्हटलं की मोठी माणसं एसी खोलीत बसून ठरवतात आणि मुलांना तो एकदम प्रसारणाच्याच दिवशी दिसतो. मुलांसाठीचे कार्यक्रम पाठांतराचे किंवा उपदेशाचे होतात याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

तसं बघितलं तर टीव्हीवरून मुलांना कामाला लावायची कल्पना फार जुनी आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत सीबीएसवर विंकी डिंक अँड यू नावाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात मुलांनी एक पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद विकत आणून टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा आणि विंकी डिंकला नदी पार करायची असली की खडूने त्याच्यावर पूल काढायचा. ज्यांच्या आईवडिलांनी तो कागद आणून दिला नाही त्या पोरांनी सरळ टीव्हीच्या काचेवरच पूल काढले. कार्यक्रम १९५७ पर्यंत चालला. कागद फुकट आला असता तर कदाचित टीव्ही वाचले असते, आणि म्हणूनच माझं म्हणणं आहे की आपल्या मालिकेला विकत आणायची कुठलीही वस्तू लागू नये, ना किट, ना ॲप, ना कोड स्कॅन करणं. घरात आहे तेवढ्यात झालं पाहिजे.

आता आपल्याकडे काय झालं ते बघा. २००६ मध्ये गली गली सिम सिम आलं, सेसमी स्ट्रीट या मुलांच्या अमेरिकन कार्यक्रमाचंच भारतातलं रूप, चमकी नावाची पाच वर्षांची बाहुली होती त्यात, फार गोड आणि हुशार. पण ते हिंदीत. पुण्यात बालचित्रवाणी १९८४ पासून होती, पिढ्यांच्या पिढ्यांनी दुपारी ते कार्यक्रम बघितले, ती २०१७ मध्ये बंद केली. कोरोनात शाळा बंद असताना जुलै २०२० मध्ये सह्याद्रीवरच टिलीमिली सुरू झाली, ती एमकेसीएल नॉलेज फाउंडेशन या संस्थेने केलेली, आणि त्यात फळ्यासमोर उभं राहून भाषण देण्याऐवजी घरातल्या माणसांना आणि मुलांना मिळून काहीतरी करायला लावायचे. आपल्याला हे जमतं हे टिलीमिलीने दाखवून दिलंय. फक्त ती पहिली ते आठवीसाठी होती. केंद्राने २०२२ च्या बजेटमध्ये पीएम ई-विद्या या टीव्हीवरून शिकवण्याच्या योजनेचे १२ चॅनेल वाढवून २०० करायची घोषणा केली, प्रादेशिक भाषांत, तेही पहिली ते बारावीसाठी. या दोन्हींत पहिलीच्या खालच्या मुलाचं नाव नव्हतं.

असं का होतं तेही सांगते. आपल्याकडे पहिलीपासून पुढचं मूल शालेय शिक्षण खात्याचं आणि अंगणवाडीतलं मूल महिला व बालविकास खात्याचं. टीव्हीवरचं शिक्षण म्हटलं की ते शिक्षण खात्याकडे जातं आणि त्यांची यादी पहिलीपासून सुरू होते. दुसरीकडे लसीकरण, वजन, पोषण आहार, रजिस्टर यातून अंगणवाडी सेविकेला मान वर करायला वेळ नाही. राज्यात लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत. नवीन शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा आहे आणि शिकणं घरच्या भाषेत, खेळातून व्हावं. मग त्या टप्प्यातली पहिली तीन वर्षं टीव्हीच्या यादीत का नाहीत, हा माझा सरळ प्रश्न आहे.

मराठीतच का, हिंदी काय वाईट, असं मला पालकही विचारतात. हिंदी वाईट नाही. पण माझ्या वर्गात बाहुली हिसकावून घेताना पोरं मुझे दो म्हणतात आणि पडून लागलं की मात्र आई गं म्हणून रडतात. कार्टूनची भाषा भांडणात आणि खेळात येते, पण ताईने काय झालं ते नीट सांग म्हटलं की हिंदीत सांगता येत नाही आणि मराठीतही तेवढं बोलायची सवय उरत नाही. नुसती बघायची मालिका कुठल्याही भाषेत चालेल, उत्तर द्यायचं असेल तर घरची भाषाच लागते. त्यातही कधी वऱ्हाडी बोलणारी आजी, कधी मालवणी मामा, कधी अहिराणी बोलणारा शेजारी पडद्यावर यावा, सगळं पुस्तकी मराठी नको.

डॉक्टर मंडळी म्हणतील लहान मुलांना टीव्हीच नको. त्यांचं म्हणणं मी गंभीरपणे घेते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की २ ते ४ वर्षांच्या मुलांचा स्क्रीनचा वेळ दिवसाला एक तासाच्या वर नको, कमी असेल तेवढा चांगला, आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये दोन वर्षांखाली अजिबात नको आणि ५ वर्षांपर्यंत जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, असंच म्हटलंय. म्हणून मी तीन वर्षांच्या पुढचंच बोलतेय आणि भाग वीस मिनिटांचा म्हणतेय. वीस मिनिटांनी ताई अच्छा म्हणते, कार्यक्रम संपतो आणि टीव्हीवर बातम्या लागतात, त्या पोराला बघायच्या नसतात. मोबाईलला हा शेवटच नाही.

टीव्हीला पोराचं उत्तर ऐकू येत नाही हेही मला माहीत आहे. पोराने चुकीचं सांगितलं तरी पडद्यावरची ताई शाब्बास म्हणणार. म्हणूनच ती शांतता मला दुप्पट महत्त्वाची वाटते, कारण तेवढ्या वेळात शेजारी भाजी निवडत बसलेली आजी म्हणू शकते, अगं तिकडे नाही, पाटाखाली बघ. सतत वाजणाऱ्या कार्यक्रमात आजीला तोंड घालायला जागाच नसते. आणि आजीला हे नवीन नाही. चिऊताई दार उघड म्हणून काऊ दार वाजवतो ती गोष्ट घराघरांत सांगतात तेव्हा आजी थांबतेच, पोरगंच म्हणतं की थांब माझ्या बाळाला तीट लावते. दरवेळी तेच आणि दरवेळी तितक्याच उत्साहाने. ब्लूज क्लूजवाल्यांनी संशोधन करून जे शोधलं त्याचं निम्मं आपल्या ओट्यावर पडलेलं आहे, ते उचलून टीव्हीवर आणायचंय.

या कामाला आपल्याकडे परंपराही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला गेल्या, आणि पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. साधनं कुठली, तर पानं, खडे, बिया, शिंपले. आज दूरदर्शनच्या फ्री डिशवर महिन्याचे पैसे न भरता सह्याद्री दिसतं, म्हणजे अंगणाच्याही आत जाता येतं, आणि साधनं तीच चालतील. मटकी, हरभरा, शेंगदाणे एका ताटात मिसळून वेगळे करायचे, कुठला डबा जड, कुठला हलका, आधी काय घातलं मग काय घातलं, चपलांच्या जोड्या लावायच्या, दारामागे कुणाचा आवाज आला. एबीसीडी आणि शंभरपर्यंत आकडे यात घुसडू नका, त्यासाठी पालक आमच्या मागे लागलेलेच असतात.

ताई कोण असावी यावर पण बोलते, कारण तिथेच सगळं बिघडू शकतं. प्रसिद्ध नटी नको. बोबडं बोलणारी, उगाच किंचाळणारी, प्रत्येक वाक्याला टाळ्या वाजवायला लावणारी नको. मुलांना त्यांच्याशी कुणी खोटं बोलतंय हे चटकन कळतं. स्टीव्ह बर्न्सने ती मालिका २००२ मध्येच सोडली होती, तरी २०२१ मध्ये मालिकेला २५ वर्षं झाली म्हणून त्याने जुन्या प्रेक्षकांसाठी एक छोटा व्हिडिओ केला, तुम्ही मोठे झालात, नोकऱ्या करताय, मी तुम्हाला विसरलो नाही असं काहीसं तो त्यात बोलतो, आणि मध्ये मध्ये पूर्वीसारखाच थांबतो. पंचवीस-तिशीतली माणसं तो बघून रडल्याचं इंटरनेटवर लिहीत होती. लहानपणी कुणीतरी आपलं उत्तर ऐकण्यासाठी थांबलं होतं हे माणसाला इतकं लक्षात राहतं.

तर माझी विनंती अशी की तुमच्या पेपरने हा विषय लावून धरावा आणि दोन्ही खात्यांना व सह्याद्रीच्या केंद्राला एकत्र विचारावं की वीस भागांची जबाबदारी कोण घेणार. वेळ सकाळी दहाच्या सुमाराची ठेवा म्हणजे जिथे टीव्ही आहे त्या अंगणवाडीत लागेल, आणि तोच भाग संध्याकाळी सहाला पुन्हा लावा, सातच्या पुढे रिमोट मोठ्यांच्या हातात असतो. तपासण्याचं काम आमच्यासारख्या बालवाडीताया फुकट करतील, मी चार-पाच जणींशी बोललेही आहे. चित्रं तयार नसली तरी चालेल, पहिल्या भागाची नुसती लिहिलेली गोष्ट पाठवली तरी आम्ही ती मुलांना सांगू, कुठल्या प्रश्नाला उत्तर आलं, कुठे किती वेळ थांबावं लागलं, कुठे पोरं उठून खिडकीत गेली, ते सगळं कागदावर लिहून परत पाठवू.

आपली,
एक बालवाडीताई, मिरज